परत आलेल्या ताटल्या

सोमवार, ४

आणि उष्टी काढतो म्हणजे काय, चोरी करतो का? दरोडा घालतो का? हे दादाला फोनवरच विचारायचं होतं, पण मला वेळेवर सुचत नाही. फोन ठेवला की सुचतं. म्हणून ही वही. वही म्हणजे टेबलांच्या बुकिंगचं जुनं रजिस्टर आहे, वाढणाऱ्या ताईने फेकायला काढलं होतं. मागची सत्तर-ऐंशी पानं कोरी आहेत. यापुढे दादा जे जे बोलेल त्याची उत्तरं इथे. त्याला ऐकू गेली नाहीत तरी चालेल, माझ्या पोटातून तरी जातील.

तर दादा काय म्हणाला? "एवढ्या लांब जाऊन लोकांची उष्टी काढतोस? मी लोकांना काय सांगू?" सांग की, भाऊ इटालियन हॉटेलात आहे. खोटं आहे का? हॉटेलातच आहे, मागच्या दाराजवळ, दोन सिंकच्या मध्ये. वर म्हणतो, "हेही सोडशीलच तू. तीन महिने. लिहून ठेव." घे, लिहिलं.

दीड वर्षात चार कामं सोडली, कबूल. पण प्रत्येकाला कारण होतं. रंगाऱ्याकडे होतो, तिथे रंगाच्या वासाने मला जेवण जायचं नाही. पार्सलवाल्याने स्कूटर दिली तिच्यातून पेट्रोल गळायचं, मला दुसऱ्या गल्लीतून वास यायचा, त्याला जवळूनही येत नव्हता. बेकरीत लोणी खवट होतं. बोललो, तर म्हणे तू कोण? गाड्या धुण्याचं काम मात्र उगाच सोडलं. ते खरं सांगतो, कंटाळा आला.

आणि दादा कोणाला शिकवतो? बाबा गेल्यावर त्याने स्वतः चार वर्षं कॅन्टीनमध्ये कप विसळले. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली असायची, त्याच हाताने माझा हात धरून शाळेत सोडायचा. सातवीत मी शाळा सोडली तेव्हा तीन दिवस बोलला नव्हता. म्हणजे स्वतः विसळले ते चाललं, मी विसळले की लाज. हा कुठला न्याय? विचारायला हवं होतं.

शुक्रवार, ८

हॉटेल लहान आहे. अकरा टेबलं, खिडकीत बाटल्यांमध्ये खोचलेल्या मेणबत्त्या, भिंतीवर एका बंदराचं चित्र, त्याच्यावर तेलकट हाताचे दोन ठसे, ते कोणाचे कुणीच कबूल करत नाही. गल्ल्यावर मालकीणबाई. चुलीपुढे त्यांचा थोरला भाऊ, सगळे त्याला उस्ताद म्हणतात. तीस वर्षं तो त्याच चुलीपुढे उभा आहे, तिथल्या फरशीला त्याच्या दोन पायांचे खळगे पडलेत. वाढायला ताई. ती माझ्या ओळखीत सगळ्यांत भरभर चालणारी बाई आहे. मला 'पाहुणा' म्हणते, कारण इथला भांडीवाला कधी टिकत नाही. मी किती आठवडे राहीन यावर तिने मालकीणबाईंशी पैज लावली होती. ती सहावर होती. आज सातवा संपला. "तुझ्यामुळे हरले मेल्या," म्हणाली.

एक गोष्ट दादाला कधी कळायची नाही. जेवायला येणारे पुढच्या दाराने येतात, पण त्यांचं जेवण कसं झालं ते माझ्याकडे येतं. मला ताटल्या वाचता येतात. भांडून आलेलं जोडपं असेल तर एक ताटली चाटूनपुसून साफ आणि एकीला हातही लावलेला नाही. पहिल्यांदाच भेटत असतील तर दोन्ही अर्ध्या, लाजेने. लहान मुलं मशरूम काढून कडेला ओळीने लावतात, हजेरी घेतल्यासारखे. आणि ज्याला मनापासून आवडलं त्याची ताटली तर आंधळ्यालाही ओळखता येईल, पावाने इतकी पुसलेली की नुसती पाण्याखाली धरायची.

मी आलो तेव्हा दहातल्या सहा-सात अशा पुसलेल्या यायच्या. मग उस्तादाला ताप आला, आठवडाभर हॉटेल बंद होतं. पुन्हा उघडल्यापासून दहातल्या दोन. ताप होता त्या आठवड्यात लोकांच्या सवयी बदलल्या की काय कोण जाणे.

काल गुरुवार, घड्याळजींचा वार. घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ, एकटे येतात, खिडकीजवळचं टेबल, टोमॅटोचा पास्ता, दुसरं काही मागत नाहीत. वीस वर्षं म्हणे. त्यांची ताटली मी शेवटी धुवायचो, कारण धुवायला काही नसायचंच. काल अर्धी परत आली. ताईने विचारलं, "कसं होतं?" "उत्तम," म्हणाले, टोपी घातली, गेले.

माणसं तोंडाने खोटं बोलतात. चांगली माणसं तर जास्तच.

शनिवार, ९

नोकरी गेली असं समजून लिहितो आहे.

रोज साडेचारला, संध्याकाळचं उघडायच्या आधी, आम्ही चौघं मागच्या टेबलावर जेवतो. उस्ताद वाढतो, कोणी बोलत नाही, जेवतात आणि उठतात. काल मी पहिला घास घेतला आणि तोंडातून निघूनच गेलं, "खारट आहे हो."

ताईने टेबलाखालून लाथ मारली. मालकीणबाईंचा पेला हातातच राहिला.

"कोण म्हणालं?" उस्ताद.

चौघं तर आहोत. "मी."

"तू काय करतोस इथे?"

"भांडी."

"मग?"

"मग भांड्यांतच दिसतं ना, उस्ताद. रोज अर्धंअर्धं परत येतं. मी टाकून देतो म्हणून मला माहीत. तुम्हाला कोण सांगणार? लोक तर छान छान म्हणून जातात."

तो बहिणीकडे वळला. "खरं?"

"गिऱ्हाईक तर काही बोललं नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"गिऱ्हाइकाचं नाही विचारलं. तू जेवते आहेस ना? खारट आहे?"

त्यांनी खाली बघितलं. एवढ्या मोठ्या बाई, गल्ल्यावर बसून होलसेलवाल्याला रडवणाऱ्या, आणि शाळेतल्या पोरीसारख्या खाली बघतात. उस्ताद उठला, कढई उचलली आणि सगळी माझ्या सिंकमध्ये ओतली. भाजीचे तुकडे अडकून नळी तुंबली, ती अर्धा तास मीच काढत बसलो. रात्री निघताना "उद्या ये" असंही कोणी म्हटलं नाही, "येऊ नको" असंही नाही. आता दुपारचे बारा वाजलेत. जाऊन बघतो.

रविवार, १०

नोकरी गेली नाही, पण म्हातारा सूड उगवतोय. काल संध्याकाळभर, माझे हात कोपरापर्यंत फेसात, आणि हा चमचा घेऊन येतो. "तोंड उघड." डॉक्टरसारखा! "बोल."

"कमी."

"काय कमी?"

"मीठ."

"किती?"

"चिमूटभर."

"कोणाची चिमूट? तुझी की माझी?"

असं सतरा वेळा. मोजले. सगळ्यांसमोर. एकदा सूप इतकं गरम होतं की जीभ भाजली, तर म्हणतो, "सांभाळ, ती लागेल." म्हणजे शिक्षा मलाच आणि वर दटावणीही मलाच. जेवण खारट म्हटल्याची चांगलीच किंमत वसूल करतोय माझ्याकडून.

काल दहातल्या पाच पुसलेल्या आल्या. शनिवार होता म्हणून असेल.

मंगळवार, १२

हॉटेल बंद होणार असं ताई म्हणत होती, ते खरंच निघालं. जागेचा करार तीस तारखेला संपतो. मालकीणबाईंनी पुन्हा सही केली तर हॉटेल राहील, नाहीतर जागा चौकातल्या मोबाईलवाल्याला. टेबलं निम्मी रिकामी असतात, भाडं वाढलंय, सही कोणत्या तोंडाने करायची, असं त्या म्हणाल्या म्हणे.

मोबाईलवाला आज दुपारीच टेप घेऊन आला. लोक जेवतायत आणि हा भिंती मोजतोय. एक आजी एकट्याच सूप पीत होत्या, त्यांच्या डोक्यावरून टेप गेली. आजी म्हणाल्या, "माझं माप घेताय का? थोडं थांबा की."

हसला तो एकटाच.

मी हसलो नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. जागा बंद होते आहे, तर होऊ दे. चार सोडल्या, ही पाचवी स्वतःहून सुटेल, मला कारणही शोधायला नको. दादाला सांगता येईल, मी नाही सोडली, त्यांनीच बंद केली. मग त्या टेपचा राग कशाला आला? उस्तादाने तेवढ्यात चमचा आणला. मी म्हटलं, "ठीक आहे." तो म्हणाला, "ठीक आहे म्हणजे गिऱ्हाइकाचं उत्तर. तुझं उत्तर दे." मग दिलं. लसूण करपलाय म्हटलं. सगळं ओतून दिलं आणि पुन्हा केलं.

शुक्रवार, १५

काल मी गेलो नाही. पोटात दुखतंय म्हणून कळवलं आणि गावाबाहेरच्या गोदामात काम विचारायला गेलो. खोकी उचलायची, पगार इथल्यापेक्षा बरा, कोणी तोंडात चमचा घालत नाही. सोमवारपासून ये म्हणाले.

आज आलो तर माझ्या दोन्ही सिंकमध्ये आणि खाली फरशीवर कालच्या ताटल्या तशाच. ताई हात कमरेवर ठेवून उभी. "नाही धुतल्या मी. मुद्दाम. तुला वाचता येतं ना? वाच."

एकोणीस ताटल्या. वाचायला जवळही जावं लागलं नाही, दारातच कळलं. सायीच्या सॉसमधली साय आंबलेली होती. नुसती उतरलेली नाही, चांगली दोन दिवस आंबलेली. एकोणीस जणांना तीच वाढली होती. घड्याळजींची ताटली ताईने वेगळी काढून ठेवली होती. काल टोमॅटो संपले म्हणून उस्तादाने त्यांनाही तेच दिलं. एक घास खाल्लेला, काटा ताटलीत आडवा, हळूच ठेवल्यासारखा. "उत्तम म्हणाले," ताई म्हणाली, "आणि टीप दुप्पट ठेवून गेले. आजारी माणसाच्या उशाशी फळं ठेवतात ना, तशी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ चुलीपाशी गेलो. म्हटलं, "उस्ताद, रागावा, काढून टाका, पण एक सांगा. साय ओतताना वास येत नव्हता तुम्हाला?"

त्याने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "नाही."

बस्स. एवढंच. ना सबब, ना चुकलं. नुसतं "नाही". आणि पुन्हा कांदा कापायला लागला, पण हात थांबत थांबत. एवढा उर्मट माणूस मी जन्मात पाहिला नाही.

शनिवार, १६

गोदामाला नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, एका माणसाला दाखवून द्यायचंय.

मंगळवार, १९

नवीन नियम झाला. उस्तादाने शनिवारी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "याच्या तोंडातून गेल्याशिवाय माझ्या दारातून काही जाणार नाही." आता मी चुलीच्या डाव्या हाताला उभा असतो. भांडी मधल्या वेळात मीच धुतो, गर्दी झाली की मालकीणबाई स्वतः बाह्या सरसावतात. ताई म्हणते, पाहुणा माजघरापर्यंत आला.

मी ठरवलंय, त्याच्या परीक्षेत एकदाही चुकायचं नाही. दूध, साय, चीज, मासळी, सगळं आल्या आल्या मी हुंगतो. काल मासळीवाल्याची अर्धी टोपली परत पाठवली. तो ओरडला, "तीस वर्षं देतोय, कोणी नाक मुरडलं नाही!" उस्ताद म्हणाला, "आता मुरडेल. नवीन नाक आहे." मासळीवाला मला वरपासून खालपर्यंत बघून गेला.

पण म्हाताऱ्याला येतं काय काय! तो कानाने शिजवतो. माझ्याकडे पाठ करून उभा असतो आणि म्हणतो, "कांदा उतरव." बघतो तर कांदा नेमका झालेला. म्हणतो, ओला कांदा बडबडतो, झालेला कुजबुजतो. पीठ मळताना डोळे मिटतो. पास्त्याचं पाणी उकळलं की नाही ते झाकणावर बोट ठेवून सांगतो. एवढं येणाऱ्या माणसाला मिठाचं मला विचारावं लागेल का? म्हणजे परीक्षाच आहे. माझी खात्री आहे.

टोमॅटोच्या सॉसवरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "आंबट आहे, साखर घाला."

"साखर? माझ्या आजीने तुला चुलीत घातलं असतं."

"मग आजीला विचारा काय घालायचं."

"गाजर," म्हणाला, जरा थांबून. "आजी गाजर घालायची. विसरलोच होतो. किती वर्षं मी ते जिभेवरच ठरवत आलो." मग किसणी माझ्या हातात दिली. गाजर घातलं, अर्धा तास मंद ठेवलं. मी चाखलं. पुन्हा चमचा बुडवला. उस्तादाने माझ्या तोंडाकडे असं बघितलं, जसं कोणी खिडकीतून आत बघतं. मग म्हणाला, "असं होतं होय," आणि चीज किसायला गेला.

शुक्रवार, २२

काल घड्याळजी आले! ताईची करणी. ती चांगलं चाललेलं घड्याळ घेऊन त्यांच्या दुकानात गेली, म्हणाली, "मागे पडतंय." त्यांनी बघून सांगितलं, "बाई, हे सेकंदाला सेकंद बरोबर आहे." ताई म्हणाली, "मग गुरुवारी साडेसातला या, वेळ तपासायला."

टोमॅटोचा पास्ता गेला. मी चुलीजवळून हललो नाही. पण कान सगळे बाहेर. ताटली आत आली तेव्हा ताईने ती दोन्ही हातांनी धरली होती, आरशासारखी. पुसलेली. नुसती पुसलेली नाही, पाव संपल्यावर बोटानेही पुसलेली, कडेला बोटाची वाट दिसत होती. घड्याळजींसारखा माणूस, रुमालाने ओठ टिपणारा, त्याने बोट लावलं!

उस्तादाने ती ताटली दिव्याखाली धरली, फिरवून फिरवून बघितली. "काय म्हणाले ते?"

"काहीच नाही," ताई म्हणाली. "उत्तमसुद्धा नाही. नुसती मान हलवली आणि पुढच्या गुरुवारसाठी दोन खुर्च्या राखायला सांगितल्या. बहिणीला आणतायत."

काल दहातल्या आठ. आज दुपारी दादाचा फोन होता. मी हे सगळं सांगायला लागलो तर मध्येच म्हणतो, "व्हिडिओ लाव. हात दाखव." दाखवले. "उलटे कर." केले. तो बराच वेळ बघत राहिला. "कोरडे दिसतात," म्हणाला. मी म्हटलं, अरे मी चुलीवर आहे आता, सॉस करतो, तू हात कसले बघतोस? "बरं बरं," म्हणाला आणि ठेवला. शाबासकीच्या नावाने शून्य. आवाजही बसला होता त्याचा, वहिनीशी काही वाजलं असेल.

गुरुवार, २८

वाईट झालं. मला सर्दी झाली आहे.

सकाळी उठलो तर नाक बंद, डोकं जड. कामावर आलो, उस्तादाने चमचा दिला, मी चाखला. गरम पाणी. नुसतं गरम पाणी. म्हटलं, "उस्ताद, आज मला काही लागत नाही."

"मीठ कमी आहे?"

"मिठाचं नाही. काहीच लागत नाही. चवच नाही. नाक बंद आहे ना."

सर्दी मला झाली आणि पांढरा पडला तो. पिठाच्या पोत्यावर बसलाच. चमचा हातात तसाच. "कधीपासून? ताप आहे? डोकं दुखतंय? लसूण हुंग. हुंग म्हणतो ना! आला वास?" माझा खांदा गच्च धरला होता. मी म्हटलं, "उस्ताद, सर्दी आहे, मेलो नाही मी. दोन दिवसांत जाईल."

"माहीत नाही तुला," म्हणाला. "मलाही असंच वाटलं होतं, दोन दिवसांत जाईल."

त्यालाही कधी सर्दी झाली असणार. मी म्हटलं, "दोन दिवस तुम्हीच चाखा की मग. तुमचंच तर हॉटेल."

"माझ्याने नाही होणार."

बघा! परवा तीस तारीख, मोबाईलवाला जेवायलाच येणार आहे, जेवण झालं की उत्तर द्यायचं असं मालकीणबाईंनी त्याला सांगितलंय, आणि हा आळस. मी तसं बोललोही. ताईने मला दंडाला धरून बाहेर काढलं. "गप्प बस. घरी जा, वाफ घे, झोप."

"पण आज घड्याळजी येणार आहेत, बहिणीला घेऊन."

"आज टोमॅटोचंच करू, तुझं प्रमाण लिहून ठेवलंय मी. चिमटीसकट."

लिहून ठेवलंय? कधी? माझं प्रमाण?

शुक्रवार, २९

अंथरुणातून लिहितो आहे. सकाळी दार वाजलं. उस्ताद! हातात डबा, कोंबडीचं सूप. माझ्या खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर माझे कपडे, ते त्याने उचलून घडी करून ठेवले. मला लाज वाटली. पाणी उकळलं, डोक्यावरून चादर टाकली, वाफ घ्यायला लावली, आणि स्वतः समोर बसून राहिला. दर पाच मिनिटांनी सूप पुढे करायचा. "लागतंय?" "नाही." "आता?" "नाही."

मी विचारलं, "उस्ताद, तुम्ही असे का घाबरलात? हॉटेल जाईल म्हणून?"

"हॉटेल," म्हणाला. "हो. हॉटेल."

जाताना दारात थांबला. म्हणाला, चव म्हणजे काय असते ते माणसाला आठवत नाही, एकदा गेली की. आवाज आठवतो, चेहरा आठवतो, चव नाही आठवत. म्हातारी माणसं अशीच काहीतरी बोलतात. मी पुन्हा झोपलो.

चार वाजता जाग आली. उशाशी सूप गार झालेलं. एक घोट घेतला. आलं! आल्याचा झणका, मिरी, आणि मीठ कमी. मीठ कमी! मी खोलीत एकटाच ओरडलो. अनवाणी जिन्यावरून खाली धावलो, दुकानातून फोन केला कारण माझ्या फोनमध्ये पैसे नव्हते. ताईने उचलला. म्हटलं, "उस्तादांना सांग, सूपमध्ये मीठ कमी आहे."

ती आत सांगायला गेली. मग ताई म्हणाली, "सांगितलं. ओट्याला धरून उभा आहे. हसतोय की काय करतोय कळत नाही."

रविवार, १

सगळं नीट लिहायचं आहे, घाई नाही, हॉटेल दुपारपर्यंत बंद आहे आणि हॉटेल आहे.

काल तीस. बंद होणार अशी बातमी गल्लीत कोणी पसरवली माहीत नाही (ताईने), पण शेवटचं जेवून घ्यावं म्हणून अख्खी गल्ली आली. सात वाजता अकराही टेबलं भरलेली, बाहेर फुटपाथवर लोक. सूपवाल्या आजी, घड्याळजी आणि त्यांच्यापेक्षा ठेंगणी त्यांची बहीण, न्हावी सहकुटुंब, शाळेतल्या दोन बाई, मासळीवालासुद्धा. "बघू तरी, माझ्या मासळीचं काय करतात," म्हणाला. आणि मधल्या टेबलावर मोबाईलवाला, खिशात कागद, समोर बायको.

आत मी आणि उस्ताद. तो चार शेगड्यांवर दोन हातांनी, मी चमचा घेऊन मध्ये. "बोल." "हो." "बोल." "लिंबू." "बोल." "हो." "बोल." "थांबा, एक मिनिट अजून." त्याने एकदाही उलट विचारलं नाही. मी म्हणालो की घालत होता, मी म्हणालो की थांबत होता. तीन तास. एकदा मी म्हणालो, "हे जाऊ देऊ नका," आणि त्याने सहा ताटल्यांचा रिसोट्टो, म्हणजे त्यांचा मऊ भात, बाजूला सारला, बाहेर माणसं ताटकळत असताना, आणि नवा टाकला.

आणि ताटल्या यायला लागल्या. पहिली पुसलेली. दुसरी, तिसरी पुसलेली. न्हाव्याच्या पोरांच्या आल्या, त्यांत मशरूमची हजेरी नव्हती. आजींची सूपची वाटी आली ती कोरडी. मालकीणबाई सिंकपाशी उभ्या होत्या, त्यांच्या हाताला काम मिळेना. "अरे, यात धुवायचं काय?" म्हणाल्या. मग मोबाईलवाल्याची आली. ताईने ती वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. त्याने पाव संपल्यावर बायकोचा पाव मागून घेतला होता, भांडण झालं म्हणे त्यावरून.

मालकीणबाईंनी हात पुसले आणि बाहेर गेल्या. मी दारातून बघितलं. मोबाईलवाल्याने कागद काढला. त्या म्हणाल्या, "खिशातच असू दे. आज सकाळी नाही म्हणाले असते की नाही ते सांगता येत नाही, पण आता म्हणते. जागा सुटणार नाही." तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, दुसऱ्या घासाला." मग जरा घुटमळून विचारलं, "पुढच्या शनिवारी टेबल मिळेल का?"

टाळ्या कोणी सुरू केल्या माहीत नाही. बाहेरून सुरू झाल्या, फुटपाथवरून आल्या, आणि लोक ओरडायला लागले, उस्ताद, उस्ताद! तो कधी बाहेर जात नाही. काल गेला, आणि मला मनगटाला धरून ओढत नेलं. माझा अ‍ॅप्रन घाणेरडा होता. मी म्हटलं, सोडा ना. सोडलं नाही. मधोमध उभा राहून म्हणाला, "टाळ्या मला नकोत. माझी जीभ ही इथे उभी आहे." आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी मासळीवाल्यावर पडता पडता राहिलो.

सगळे हसले. मीही हसलो. मालकीणबाई हसल्या नाहीत, भावाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दिवसभर उभं राहून दमल्या असतील.

आज सकाळी ताईने विचारलं, "तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. "काही नाही रे. असाच राहा."

कळायचं काय त्यात? मी परीक्षेत पास झालो, ते कळलंय. करार तीन वर्षांचा झाला. भांड्यांना उद्यापासून दुसरा माणूस येतोय आणि मी आचारी, उस्तादाच्या डाव्या हाताचा. पगार आजच दिला, चुलीवरचा.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. या वेळी मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. तिकडे वहिनीला ओरडून सांगत होता, "अगं आचारी! आचारी झाला तो!" जसा काही त्यानेच केला. मग म्हणाला, "पैसे पाठवू नकोस या महिन्यात. स्वतःला ठेव. चुलीपाशी उभं राहायचं तर चांगले बूट लागतात, ते घे."

बूट घेतले. आणि त्याचं मी आजपर्यंत कधी ऐकलंय? पाठवतो आहे, अठरा हजार पाचशे.